कोकणात तारकर्ली-गणपतीपुळे सोडून कुठे? (राजापूर ते वेंगुर्ला, सासूबाई आणि पोरांसकट)

भटकभवानी
मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणात जायचं घाटतंय. पुण्याहून स्वतःची गाडी. मी, नवरा, दोन पोरं (८ आणि १२) आणि सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीला मस्त चालतात, पायऱ्या दिसल्या की तिथेच बसकण मारतात. गणपतीपुळे, तारकर्ली, मालवण, दिवेआगर सगळं झालंय. मागच्या खेपेला मे महिन्यात गेलो होतो तेव्हा बोटीच्या रांगेत उभं राहून राहून पोरं भाजून निघाली, रात्री किनाऱ्यावर डीजे आणि ताटात बर्फातली सुरमई, तेव्हापासून नवरा म्हणतो समुद्र बघायला आता परत अलिबाग नको की मालवण नको, घरीच फिशटँक आणू.

पाच रात्री हातात आहेत. समुद्र हवा पण नुसता समुद्र नको, देऊळ, खाडी, जुनं काही, गावात फिरणं असं चालेल. राजापूर ते वेंगुर्ला हा पट्टा डोक्यात आहे. यूट्यूबवर 'कोकणातली दहा गुप्त ठिकाणं' बघितली, त्यातल्या सात ठिकाणी आमच्या सोसायटीतले लोक जाऊन आलेत, म्हणजे गुप्त किती ते समजा.

सासूबाई शाकाहारी. बाकी सगळे मासा दिसला की तुटून पडणारे.

खडूस_खारवी
पुणेकरांसाठी सूचना: समुद्र दुपारी १ ते ४ चालू असतो.

भटकभवानी
@खडूस_खारवी आम्ही मूळचे सातारचे, त्यामुळे हा टोमणा परत पाठवत आहे.

सड्यावरचा_सदू
बरं झालं विचारलंत. राजापूर तालुक्याची किनारपट्टी हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे लांबड लागेल, चहा घेऊन बसा.

रत्नागिरीहून खाली येताना हायवेला लागूच नका. पावस, मग पूर्णगड, मुचकुंदी नदीच्या मुखावरचा पूल ओलांडला की गावखडी, पुढे कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर असा किनाऱ्याचा रस्ता आहे. पूर्णगड किल्ला एवढासा, अर्ध्या तासात बघून होतो. पण तटावरून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असं जे दिसतं त्यासाठी जायचं. गावखडीला सुरूचं बन आणि लांबलचक पुळण, शनिवार-रविवार सोडला तर माणूस नाही.

कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे. कोकणात सूर्याची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं हे. शिलाहार भोज दुसरा याचा बाराव्या शतकातला ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. लाकडी कोरीवकाम बघायला मान वर करून उभं राहा जरा, लोक हात जोडतात आणि पळतात. देवळात जायला सासूबाईंना काही त्रास नाही. जवळच देवघळीचा किनारा आहे, वरून कड्यावरूनच इतका सुंदर दिसतो की खाली नाही उतरलं तरी चालतं. पुढे आडिवऱ्याची महाकाली.

आणि मुख्य म्हणजे कातळशिल्पं. त्याबद्दल संध्याकाळी लिहितो, साहेब आलेत.

मालवणी_तिखट
अरे मेल्या सदू, सगळा हयच सांगून टाकलंस तर आमी खय जावचा? गावखडी तरी ठेवायची होतीस.

मी_नाही_त्यातला
मालवणी_तिखट यांच्याशी शंभर टक्के सहमत आणि गंमत नाही, गंभीरपणे लिहितोय. असे धागे काढू नयेत. एका किनाऱ्याबद्दल मी स्वतः एका ठिकाणी लिहिलं होतं (नाव सांगत नाही), तीन दिवाळ्यांत तिथे काय झालं ते बघून आलोय. पुळणीवर गाड्या घालतात. हल्ली ती उघडी जीप घेतली की वाळूत घातलीच पाहिजे असा नियम आहे बहुतेक. नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला वर येतात, त्याच पट्ट्यावर टायरचे चर. घरट्यावरून गाडी गेली की वरून काही दिसतही नाही, खाली शंभरेक अंडी जातात. नाव न सांगणं हेच संवर्धन.

वस्तीची_गाडी
@मी_नाही_त्यातला म्हणजे तुम्ही बघून आलात, आता बाकीच्यांनी घरी बसायचं. छान.

मी_नाही_त्यातला
तसं म्हणालो नाही. पण घ्या तसा अर्थ, तुमची मर्जी.

आचऱ्याची_माई
मी बहुतेक नुसती वाचते, आज लिहिते. आमचं मालवण तालुक्यात घर आहे, चार खोल्या पाहुण्यांना देतो. नाव सांगू नका म्हणणारे सगळे मुंबई-पुण्यात बसलेले असतात हे बरं जमतं. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ साली. तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि सासरे म्हणाले, आता पोरांना मुंबईला पाठवायला नको. पोरं मुंबईलाच गेली. पर्यटन आलं ते दोन-तीन किनाऱ्यांवर, आमच्याकडे फक्त त्या किनाऱ्यांवर जाणाऱ्या गाड्यांची धूळ. आता थोडेफार लोक येतात तर गावातल्या पाच बायकांना भाकऱ्या करायचं, खोल्या झाडायचं काम मिळतं, माझा धाकटा परत आलाय.

पण गाडी पुळणीवर घालणाऱ्यांबद्दल ते दादा बोलले ते खरं आहे. आमच्याकडे एकाने घातली, भरती आली, ट्रॅक्टरने ओढून काढली आणि ट्रॅक्टरवाल्याला पैसे देताना घासाघीस केली. भरतीशी पण केली असती.

भवानीताई, खोली घेताना आधी विचारा कमोड आहे का, बाथरूमला उंबरा किती आहे. फोटोत समुद्र दाखवतात, उंबरा दाखवत नाहीत.

भटकभवानी
माई, हा उंबऱ्याचा सल्ला आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा. तुमच्याकडे शाकाहारी मिळतं का?

आचऱ्याची_माई
मिळतं तर. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, सकाळी घावणे नाहीतर आंबोळी, एखाद्या दिवशी शिरवाळे नारळाच्या रसात. मासळीची भांडी वेगळी ठेवते. आणि डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष, गुरुवारी आमच्याच घरात मासे शिजत नाहीत, तेव्हा मासेखाऊंनी गुरुवार बघून या.

हापूसप्रेमी_नाशिक
डिसेंबरमध्ये देवगडला आंबे मिळतील का?

मालवणी_तिखट
मोहोर मिळतलो. वास घेवन परत जावा.

सड्यावरचा_सदू
हां, कातळशिल्पं. राजापूर-रत्नागिरीचा जांभ्या कातळाचा सडा, वरवर बघितलं तर ओसाड माळ, त्यावर आपल्या पूर्वजांनी हत्ती, मासे, वाघ, माणसं, आणि कशाला काही अर्थ लागत नाही असल्या चौकटी कोरून ठेवल्यात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांच्या मंडळींनी वर्षानुवर्षं गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत विचारत ही शोधून काढली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात आपल्याकडचं उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, खाली सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक ठिकाण आहे.

कशेळीचा हत्ती १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. जमिनीवर उभं राहून हत्ती दिसतच नाही पहिल्यांदा, नुसत्या रेघा. मग कोणीतरी सोंड दाखवतं आणि एकदम अख्खा हत्ती पायाखाली.

दोन गोष्टी. एक, दुपारी जाऊ नका. बाराच्या उन्हात रेघा सपाट होतात, काही कळत नाही, वर कातळ असा तापतो की चपलेतून चटका बसतो. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर, ऊन तिरकं आलं की प्रत्येक रेघेला काळी कड येते. दोन, चित्रावर चप्पल घालून नाचू नका आणि फोटोसाठी खडूने रेघा भरू नका. हसू नका, मी खडूने भरलेला मासा बघितलाय.

देवाचे गोठण्याला कातळात आडवा पडलेला माणूस कोरलाय आणि तिथे होकायंत्राचा काटा दिशा चुकतो. बारा वर्षाच्या पोराला हे दाखवा, पुढचे दोन तास तो मोबाइल मागणार नाही.

शंकासूर
पण ती दहा हजार वर्षं जुनी आहेत हे सिद्ध झालंय का? प्रत्येक व्हिडिओत वेगळा आकडा असतो. परवा एकाने वीस हजार सांगितले, पुढच्या वर्षी डायनासोरने काढली म्हणतील.

सड्यावरचा_सदू
कोरलेल्या दगडाचं वय काढणं अवघड असतं, चुन्यात किंवा कोळशात तारीख सापडते तशी रेघेत सापडत नाही. आसपास मिळालेल्या दगडी हत्यारांवरून आणि चित्रातल्या प्राण्यांवरून अंदाज बांधतात. शेती करणारा माणूस नांगर-बैल काढेल, इथे तसं दिसत नाही, म्हणून शिकारी काळातली म्हणतात. गेंडा आणि पाणघोड्याच्या आकृत्या आहेत, हे प्राणी आज कोकणात कुठे आहेत?

बारसूचा_बाळ्या
बारसूच्या सड्यावर कातळशिल्प बघायला आलात तर रिफायनरीचं पण विचारा गावात. आम्ही सांगू. २०२३ मध्ये माती तपासायला आले तेव्हा

संपादक मंडळ
या विषयाचा वेगळा धागा आहे, तिथे ९०० प्रतिसाद झालेत, तिकडे जावे. इथे फिरण्याबद्दल बोलू.

बारसूचा_बाळ्या
बरं. मग फिरण्याबद्दल सांगतो: आमच्याकडे या. बाकीचं घरी बोलू.

इतिहासवेडा_७१
एवढे प्रतिसाद झाले आणि विजयदुर्गाचं नाव नाही? १६५३ साली महाराजांनी घेतला, पुढे आंग्र्यांचं आरमारी ठाणं, १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या साथीने तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं ते इथेच. आपल्याच आरमाराला आपल्याच पेशव्यांनी इंग्रजांकडून जाळवलं हे शाळेत एका ओळीत उरकतात. आणि याच किल्ल्यावरून १८६८ साली हेलियमचा शोध लागला. ग्रहण ज्यावरून बघितलं म्हणतात तो साहेबाचा ओटा अजून आहे.

शंकासूर
माफ करा पण हेलियमचं ते अर्धवट आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण कोकणातून दिसलं हे खरं, त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिवस करतात तेही खरं. पण ज्यांचं नाव या शोधाशी घेतलं जातं त्यातले जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होते, आंध्रात. आणि लॉकयर तर इंग्लंडातच होते, त्यांनी ग्रहण नसताना सूर्याच्या कडेचा वर्णपट ऑक्टोबरात घेतला. विजयदुर्गावर लॉकयर आले होते ही गोष्ट गाईड रंगवून सांगतात.

इतिहासवेडा_७१
तुम्ही होतात का तिथे १८६८ ला?

शंकासूर
नव्हतो. लॉकयरही नव्हते.

खडूस_खारवी
😂😂 धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद, बक्षीस म्हणून एक फुगा. हेलियमचा.

इतिहासवेडा_७१
असो. हेलियम सोडा. विजयदुर्गला गेलात तर गिर्येला जा. तिथे वाघोटण खाडीच्या काठाला कातळ फोडून केलेली जहाजाची गोदी आहे, भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला कोरड्यावर दुरुस्त करायचं. आणि गिर्येचा रामेश्वर. देवळाकडे उतरणारी वाट जांभा दगड खोदून काढलेली आहे, दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती आणि मध्ये तुम्ही, बाहेर कितीही ऊन असो आत गार. संभाजी आंग्र्यांची समाधीही तिथेच. या दोन जागांना गर्दी शून्य, कारण खायचं काही मिळत नाही.

दर्यावर्दी_निवृत्त
सर्वांना नमस्कार. गोदीचा विषय निघाला म्हणून. किनाऱ्यावर जाणारे मंडळी हॉटेलाचं रेटिंग बघतात पण भरती-ओहोटी बघत नाहीत. आमच्याकडे साधा हिशेब आहे. शुद्ध असो वा वद्य, तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी पार खाली गेलेलं. पोरांना शिंपले, खेकडे, खडकातली डबकी दाखवायची तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची संध्याकाळ बघा, उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी फार हलत नाही. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, बंदराबंदराला फरक आहे.

आणि ओहोटी लागलेली असताना खाडीच्या तोंडाशी पोहायला उतरू नये. पाणी शांत दिसतं, पण बाहेर ओढ असते. हे पोहता येणाऱ्यांसाठीच सांगतोय, न येणारे मुळात उतरत नाहीत.

भटकभवानी
काका, दंडवत. कॅलेंडर काढून बसलेय. पोराला पाऊणकीचा पाढा शिकवायला घेतला, त्याने विचारलं पाऊणकी म्हणजे काय. सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि तीसपर्यंत म्हणून दाखवली.

मुळ्ये_नव्हे_मुळे
भवानीताई, माझं मत वेगळं. राजापूर आणि वेंगुर्ला दोन्ही पाच रात्रीत नका कोंबू. नकाशावर ४० किलोमीटर दिसतं त्याला दीड तास लागतो, कारण मध्ये प्रत्येक नदीला वळसा. आमच्या एका मेव्हण्याने चार दिवसात रत्नागिरी ते गोवा 'कव्हर' केलं, त्याला आठवतो तो फक्त पेट्रोलपंप.

मी म्हणेन आचरे-मसुरे भागात राहा. तोंडवळी-तळाशीलचा पट्टा बघा, एका बाजूला गड नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माडात घरं. काही ठिकाणी एकाच अंगणातून दोन्ही पाणी दिसतं. शेवटच्या टोकाला गेलं की समोर सर्जेकोट. मसुऱ्याला भरतगड आहे, आत आंबा-काजूची बाग, पण चढ आहे, सासूबाईंना खाली ठेवा.

आचऱ्याच्या रामेश्वराला जाच. गावपळण नावाची प्रथा ऐकली असेल. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं घेऊन माळावर झोपड्या घालून राहतात. गावात चिटपाखरू नाही. माईंना विचारा, त्या नीट सांगतील.

आचऱ्याची_माई
पोरांना शाळा नसते, रात्री फुगड्या आणि भजनं, सगळ्यांची चूल शेजारी शेजारी. वर्षभर जिच्याशी बोलत नाही तिच्याकडून मीठ मागून आणावं लागतं. मांजर मात्र येत नाही, ते घरीच. आमचं तरी.

वस्तीची_गाडी
कुडाळ बाजूला कोणी बोललंच नाही. धामापूरचा तलाव: १५३० चा, नागेश देसाईंनी बांधलेला, अजून त्यावर शेती भिजते, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ, झाडी अशी की दुपारी बाराला संध्याकाळ वाटते. वालावलचं लक्ष्मीनारायण, तिथेही देवळामागे तळं. दोन्ही सासूबाईप्रूफ. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांनी घराच्या गोठ्यात संग्रहालय केलंय. पोरांना बाहुल्या हातात घेऊन नाचवायला देतात.

आणि डिसेंबर म्हणजे जत्रा! दशावतार बघितल्याशिवाय परत आलात तर इथे फिरकू नका.

शंकासूर
माझ्या नावाचा अखेर उल्लेख होणार.

वस्तीची_गाडी
होय हो. सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी, मग काळ्या बुरख्यातला शंकासूर मालवणीत लोकांची टर उडवतो, तो भाग पोरांना आवडतो. आख्यान सुरू व्हायला मध्यरात्र होते आणि उजाडेपर्यंत चालतं. संवाद लिहिलेले नसतात, समोरचा काय बोलतो त्यावर जागच्या जागी. बायकांची कामं पुरुषच करतात. पायपेटी, मृदंग, झांज, बस्स. कुठल्या गावात कधी जत्रा ते तिथल्या पेपरात येतं किंवा चहाच्या टपरीवर विचारा.

मी_नाही_त्यातला
हे सगळं वाचून आता मीच एक नाव सांगतो, कारण तिथे गाडी जातच नाही. निवतीहून होडीने वेंगुर्ला रॉक्स. समुद्रात उघडे खडक, एकावर दीपगृह. तिथल्या गुहेत पाकोळ्यांची घरटी आहेत, थुंकीने चिकटवलेली. ती खातात काही देशांत, म्हणून एकेकाळी चोरून काढली जायची. खडकावर चढू देत नाहीत आणि चढूही नये. होडीतून बघायचं, सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. सासूबाई आणि आठ वर्षाच्या पोराला नेऊ नका, होडी बरीच हलते.

मालवणी_तिखट
बघा, येकदाचो फुटलो!

खडूस_खारवी
वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष पण आहेत, सतराव्या शतकातले. अवशेष म्हणजे खरंच अवशेष, भिंतीपेक्षा झाडं जास्त. शिरोड्याला मिठागरं, १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ती जागा, वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत मास्तर होते. रेडीचा दोन हातांचा गणपती खाणीत सापडला १९७६ मध्ये. तिथे आता रांग असते म्हणून 'अपरिचित'मध्ये धरू नका. मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका कांदळवनात होडीने फिरवतात, ती सैर आठवणीने करा, पाणी संथ, सासूबाई पण बसतील.

भटकभवानी
डोकं गरगरतंय पण भारी वाटतंय. तर असं ठरवतेय: पुणे, मलकापूर, अणुस्कुरा घाट, राजापूर. दोन रात्री आडिवरे-कशेळीच्या आसपास. मग विजयदुर्ग-गिर्ये करत खाली, तीन रात्री आचऱ्याला. धामापूर-वालावल-पिंगुळी एका दिवसात. वेंगुर्ला पुढच्या वेळी. चूक काढा.

मुळ्ये_नव्हे_मुळे
चूक नाही. फक्त अणुस्कुऱ्याला अंधार पडायच्या आत उतरा, वळणं आहेत आणि दिवे फक्त तुमचेच.

सड्यावरचा_सदू
राजापूरला थांबून धूतपापेश्वराला जा, धबधब्याशेजारी देऊळ. उन्हाळे गावचं गरम पाण्याचं कुंडही तिथेच जवळ, सासूबाईंच्या गुडघ्यांना बरं. राजापूरची गंगा, म्हणजे मधूनच वाहू लागणारे झरे, आलीय का विचारा. पूर्वी तीन वर्षांनी यायची म्हणतात, हल्ली तिचं वेळापत्रक तिलाच माहीत.

खडूस_खारवी
मुंबई-गोवा हायवेपेक्षा तरी तिचं नक्की आहे.

भटकभवानी
परत आलो. थोडक्यात वृत्तांत, सविस्तर वेगळा लिहीन (म्हणजे लिहिणार नाही, तुम्हाला माहीत आहे).

कशेळीचा हत्ती धाकट्याने आधी ओळखला, आम्ही सगळे शेपटीलाच सोंड समजत होतो. गोठण्याला मोठ्याने शाळेचं होकायंत्र नेलं होतं, एक पाऊल पुढे, एक मागे असं करत अर्धा तास, शेवटी आजीनेच हातात घेतलं आणि सोडेना. गिर्येची वाट उताराची होती पण पायऱ्या मोठ्या, सासूबाई वर थांबल्या आणि तिथल्या बाईंशी इतक्या गप्पा मारल्या की आम्हीच त्यांची वाट बघत बसलो. विजयदुर्गला गाईडने हेलियम सांगितलं. नवऱ्याने शंकासूर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. गाईड म्हणाला साहेब, तुम्ही ओट्यावर उभं राहून फोटो काढा, हेलियमचं आपण नंतर बघू.

जत्रेत रात्री एकच्या सुमारास रंगमंचाच्या मागे गेलो. राजा पूर्ण मुकुटात, गालाला लाली, पेटाऱ्यावर बसून बशीतून चहा पीत होता आणि शेजारी द्रौपदी मोबाइलवर मुलाला विचारत होती, "अभ्यास झालो काय?" पाच मिनिटांनी तीच द्रौपदी पुढे जाऊन असं रडली की माझ्या डोळ्यात पाणी.

तक्रार एकच, एका रात्री खोलीत गिझर नव्हता आणि सांगितलं होतं की आहे. ती जागा बदलून माईंकडे गेलो. माईंच्या घावण्यांबद्दल काही लिहीत नाही, नाहीतर गर्दी होईल.

मी_नाही_त्यातला
बघा, शिकलात.

पहिल्यांदाच_लिहितोय
धागा वर काढतोय. मी एकटा, गाडी नाही, ऑगस्टमध्ये चार दिवस. एसटीने होईल का हे सगळं? आणि पावसात मासे मिळतील का?

वस्तीची_गाडी
होईल. राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब आहे हे लक्षात ठेवा, उतरून चालत निघू नका. आडगावात जायचं तर संध्याकाळची मुक्कामी गाडी पकडा, ती रात्री गावात थांबते आणि पहाटे परत निघते. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, ऑगस्टमध्ये होड्या सुटतात पण दर्या खवळलेला असेल तर काही खरं नाही. सड्यावर फुलं असतील आणि फुरसंही, बूट घाला.

मालवणी_तिखट
आणि छत्री नको, इरला घे. छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी होतली, मग ती धरून एसटीत चढशील आणि कंडक्टर तुका दोन सीटाची तिकीट लावतलो.